नसलेल्या झाडाचं फळ

"दोनशे चौदा काढ, जैनिम," डॉक्टर म्हणाल्या.

मी काढायलाच निघाले होते. गेली वीस-बावीस वर्षं मुलाखतीच्या दिवशी हाच कागद निघतो. तरी त्या दर वेळी आकडा सांगतात आणि मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवते. कागद दोन्ही हात खाली धरून, आडवा आणायचा. वनस्पतीसंग्रहातला कागद पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा नसतो, पानं झडतात. हे मला त्यांनीच शिकवलं. तेव्हा त्या डॉक्टर नव्हत्या, नुसत्या फ्लोरेंटिना होत्या.

माझं काम पानं शिवण्याचं. जंगलातून फांद्या येतात, वर्तमानपत्रात दाबून वाळवलेल्या. त्या जाड कागदावर दोऱ्यानं टाचायच्या आणि कोपऱ्यात लेबल डकवायचं : झाडाचं नाव, जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. माझी सून गावभर सांगते की आमच्या सासूबाई मेलेल्या झाडांना कपडे शिवतात. सांगू दे. बत्तीस वर्षं याच शिवणावर घर चाललं, तिच्या नवऱ्याचं शिक्षणही.

दोनशे चौदावर एक फांदी आहे, सात पानं आहेत आणि एक फळ, लिंबाएवढं, आता सुकून काळं पडलेलं. फळ फांदीला लागून चार टाक्यांनी शिवलेलं. टाके माझे. लेबलावर फ्लोरेंटिना माजुपी हे नाव आणि लाल शिक्का. लाल शिक्का म्हणजे हा नमुना पाहून जगाला एक नवं झाड जाहीर झालं. त्याच झाडावर त्या डॉक्टर झाल्या.

ते झाड पुन्हा कुणाला सापडलं नाही. परदेशातून दोनदा लोक येऊन आमच्या किनाबालू डोंगराच्या उतारावर महिना महिना भटकून गेले. हे झाड कुणी पाहिलंय का, असं चित्र आमच्या प्रत्येक शाळेत लागलं. मग जाड पुस्तकात छापून आलं, 'बहुधा नामशेष'. एका शाळेतल्या पोरांनी तर त्याच्यासाठी मेणबत्त्या लावल्या.

सापडणार कसं? फांदी एका झाडाची आहे आणि फळ शेजारच्या झाडाचं, पाचोळ्यातून उचललेलं. तसलं झाडच नाही. हे तिघींना ठाऊक होतं. त्यातली एक मेली. उरलेल्या दोघी रोज एका खोलीत बसून डबा खातो, आणि यावर कधी अवाक्षर बोललेलो नाही.

जी मेली तिचं नाव रुसिना. कुलिपची मुलगी. कुलिप म्हणजे डॉक्टरांना जंगल दाखवणारा माणूस. सालीला खाच पाडून वास घ्यायचा आणि झाडाचं नाव सांगायचा. फ्लोरेंटिनाबाई त्याच्याशी आमच्या दुसुन भाषेत बोलायच्या, काका म्हणायच्या, त्याच्या पानातला भात खायच्या. पण डोंगर उतरून ऑफिसात आल्या की म्हणायच्या, मी किनाऱ्यावरच्या कॉन्व्हेंटात वाढले, गावची भाषा मला येत नाही. त्या काळी असं म्हणणाऱ्यांना बढती मिळायची. मी म्हटलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता, माझ्या डब्याला तुहाऊच्या, म्हणजे रानआल्याच्या, लोणच्याचा वास यायचा.

नव्वद साली शिकाऊ संशोधकाची एक जागा निघाली. कुलिप मुलीला घेऊन आला आणि बाहेर पायरीवर बसून राहिला. रुसिना एकोणीस वर्षांची. बूट मागून आणलेले, टाच बाहेर आलेली. टेबलामागे तीन साहेब आणि टोकाला सगळ्यांत धाकट्या फ्लोरेंटिनाबाई. मी चहा घेऊन गेले, चार कप. मुलीसाठी कप नेला नाही, तशी पद्धतच नव्हती.

साहेबांनी इंग्रजीत विचारलं. मुलीला एक शब्द कळेना. मलयमध्ये विचारलं. ती दोन शब्द बोलली आणि अडली. मग मोठ्या साहेबांनी कौतुकाचा नवाकोरा दोनशे चौदा तिच्यापुढे सरकवला. "निदान हे तरी ओळख."

रुसिनाचा चेहरा उजळला. कागदावर वाकली, फळाजवळ नाक नेलं, मग थेट फ्लोरेंटिनाबाईंकडे बघून दुसुनमध्ये भराभर बोलत सुटली.

"ताई, हे फळ या फांदीचं नाही गं! हे तर आपण मीठ लावून खातो ते. त्याचं पान पाठीमागून केसाळ असतं, हे बघ, हे गुळगुळीत आहे. त्या दिवशी बाबा वर चढलेले आणि फळ मी खालून उचलून दिलं तुला, आठवतं? माझंच चुकलं बाई. उसवून टाक ना ते."

"काय म्हणतेय ती, फ्लोरेंटिना?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

मी किटली धरून उभी. फ्लोरेंटिनाबाईंनी कागदाकडे पाहिलं. लाल शिक्का बसून तेव्हा पंधरा दिवसही झाले नव्हते.

"कल्पना नाही, सर. मला ही भाषा येत नाही."

रुसिनानं त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, कारण मी तर बोलू शकत होते. मी चहा ओतत राहिले. कप भरला, बशी भरली, टेबलक्लॉथवर डाग पडला, आणि साहेब माझ्यावर ओरडले. त्या ओरडण्यानं मला सुटल्यासारखं वाटलं, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

'उमेदवारास प्रश्न समजत नाहीत' असा शेरा पडला. ती पाम तेलाच्या मळ्यावर फवारणीला लागली आणि सहा वर्षांनी तिथंच तापात गेली. मला रविवारच्या बाजारात कळलं. सोमवारी मी डॉक्टरांना सांगितलं. तेव्हा त्या एक नमुना तपासत होत्या. त्यांनी तो कागद पुस्तकासारखा पालथा केला आणि सगळी पानं गळून टेबलावर पडली. आम्ही दोघी ती वेचत बसलो.

त्यानंतर डॉक्टर बदलल्या. बदलल्या म्हणजे हटूनच बसल्या. मुलाखत ज्याच्या त्याच्या भाषेत घ्यायची, दुभाषा ऑफिसनं द्यायचा. इंग्रजीच्या परीक्षेऐवजी जंगलात नेऊन झाडं ओळखायला लावायचं. वाट दाखवणाऱ्याचं नाव लेबलावर आलंच पाहिजे. डोंगरातल्या पोरींसाठी वसतिगृह काढलं, त्याच्या परवानगीसाठी चार वर्षं चपला झिजवल्या. साहेब लोक हसायचे. "डॉक्टरीणबाईंनी प्रयोगशाळेची धर्मशाळा केली." मग दिवस पालटले. हसणाऱ्यांनीच त्यांना शाल घातली आणि पितळी फलक दिला, संशोधनाची दारं सर्वांना खुली केल्याबद्दल. फलक त्यांनी कपाटामागे, झुरळांच्या गोळ्यांशेजारी ठेवला. लोक म्हणाले, केवढा विनय! मला विनय वगैरे काही दिसला नाही, भीती दिसली.

मुलाखतीच्या खोलीत उमेदवाराच्या शेजारी एक रिकामी खुर्ची ठेवायची, हा पण त्यांचाच नियम. घरचं कुणी सोबत आलं तर बसेल, असं कारण सांगतात. बहुतेक वेळा ती रिकामीच राहते आणि डॉक्टर प्रश्न विचारता विचारता तिकडे बघतात. कधी भर दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, त्या मला विचारतात, "आत कोण गेलं गं?" कुणी गेलेलं नसतं. मला काही दिसत नाही. पण त्या खुर्चीवर मी कधी पिशवीसुद्धा ठेवलेली नाही.

आणि ज्या बाईनं सगळ्यांना आपापल्या भाषेत बोलू दिलं, तिला स्वतःच्या भाषेत एक वाक्य बोलायची सोय उरली नाही. एकदा नाही म्हटलं ते म्हटलं. दुसुन उमेदवार आला की दुभाषी मी. मी सांगेपर्यंत त्या शांत चेहऱ्यानं थांबतात, जणू काही कळलंच नाही. त्यांची आई गेली तेव्हा ऑफिसची माणसं आली होती, तर आईच्या उशाशीही त्या मलयमध्येच रडल्या.

तर आज. शुक्रवारी डॉक्टर निवृत्त होणार, म्हणजे त्यांची ही शेवटची मुलाखत. टेबलाशी त्या आणि संचालक रहीमी साहेब. मुलीचं नाव जोव्हिलिन, रुसिनाच्या गावापासून दोन डोंगर पलीकडची. गुलाबी केसपिना, हातात बंद केलेला मोबाइल घट्ट धरलेला. मी तिच्यासाठीही चहा आणला होता.

"मावशी, दुसुनमध्ये बोललं तर मार्क कापतात का?" तिनं हळूच विचारलं.

"कापत नाहीत. बोल बिनधास्त."

डॉक्टरांनी दोनशे चौदा पुढे सरकवला. इतक्या वर्षांत सत्तरएक पोरांपुढे तो सरकवला असेल. काहींनी नाव घडाघडा सांगितलं, काहींना डोळ्यांत पाणी आलं, हरवलेलं झाड म्हणून. त्या प्रत्येकाला शेवटी विचारतात, "आणखी काही सांगायचंय?" नाही म्हटलं की त्यांचे खांदे खाली येतात. सुटका की निराशा, ते मला कधी ओळखता आलं नाही.

जोव्हिलिननं बराच वेळ पाहिलं. कागदाला हात न लावता मान वाकडी करून पानाखाली बघितलं. मग फस्सकन हसली आणि घाबरून तोंडावर हात ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मावशी, हे कुणी शिवलंय? हे फळ या फांदीचं नाहीच. हे आम्ही मीठ लावून खातो. त्याचं पान मागून केसाळ असतं." आणि माझा चेहरा बघून म्हणाली, "मी चुकीचं बोलले का?"

"काय म्हणतेय ती?" रहीमी साहेबांनी मला विचारलं.

अगदी तेच शब्द. डॉक्टरांकडे बघायची हिंमत होईना. शुक्रवार दोन दिवसांवर आला होता. 'ती म्हणते, तिला ठाऊक नाही', एवढं मी म्हटलं की काम भागणार होतं. पोरगी गुलाबी केसपिना काढून घरी जाणार, डॉक्टर हार घालून घरी जाणार, आणि झाड पुस्तकात हरवलेलंच राहणार. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते देवाशपथ मलाही माहीत नाही.

"जैनिम, तू थांब," डॉक्टर म्हणाल्या. दुसुनमध्ये म्हणाल्या. आवाज चिरकला, बरेच दिवस न उघडलेल्या दारासारखा. मग रहीमी साहेबांकडे वळून मलयमध्ये म्हणाल्या, "दुभाषी नको, साहेब. ही माझ्या आईची भाषा आहे. ती म्हणतेय की हा नमुना चुकीचा आहे. पान एकाचं, फळ दुसऱ्याचं. बरोबर म्हणतेय."

साहेबांना वाटलं बाई गंमत करतायत. "अहो, पण हे तर तुमचं..."

"माझंच. असं झाड नाही. कधीच नव्हतं. मला एकोणतीस वर्षं ठाऊक आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कुलिप, रुसिना, साहेबांचा प्रश्न, आपलं उत्तर, काही गाळलं नाही. माझ्या किटलीचं सांगितलं नाही तेवढं. ते मीच सांगितलं, मला राहवेना. जोव्हिलिन एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. रहीमी साहेब चष्मा पुसत बसले. शेवटी म्हणाले, "डॉक्टर, शुक्रवारचा कार्यक्रम... मंत्री येणारेत."

"येऊ देत. चहा पिऊन जातील."

जुन्या लेबलाला हात लावायचा नसतो, चूक असली तरी ते तसंच ठेवतात. दुरुस्तीची नवी चिठ्ठी वर डकवायची. डॉक्टरांनी तिथंच चिठ्ठी लिहिली. 'पान व फळ भिन्न झाडांचे. ही जात अस्तित्वात नाही.' खाली ओळखणाऱ्याच्या नावाची जागा. तिथं लिहिलं, रुसिना कुलिप, १९९०.

"तारीख आजची हवी," साहेब म्हणाले. "आणि ओळखलं तर या मुलीनं."

"ही दुसरी," डॉक्टर म्हणाल्या आणि खाली जोव्हिलिनचं नाव आजच्या तारखेसह लिहिलं. मग तिला दुसुनमध्ये विचारलं, "चालेल ना गं, पोरी?"

"चालेल, आजी," ती म्हणाली. इतका वेळ ती त्यांना मॅडम म्हणत होती.

सगळे गेल्यावर मी कात्री घेतली. फळ आता वेगळ्या पुडीत, वेगळ्या कपाटात जायचं होतं. चारही टाके माझेच. दोरा सहज तुटला. फळ उचललं तर त्याच्या खाली कागद अजून पांढरा होता, आणि त्यात आठ बारीक भोकं. ती बुजवत नाहीत, तशीच ठेवतात.

डॉक्टर त्या रिकाम्या खुर्चीजवळ उभ्या होत्या. आमच्यात माणूस दचकून पडला तर त्याचा जीव त्याच जागी बसून राहतो, असं म्हणतात. नाव घेऊन हाक मारल्याशिवाय तो घरी येत नाही. माझ्या आजीनं मला तशी दोनदा हाक मारून ओढ्याकाठून आणलं होतं.

"रुसिना," डॉक्टर आमच्या भाषेत म्हणाल्या, "ऊठ बाई. घरी जाऊ या."

मग त्यांनी खुर्ची भिंतीला लावली, पिशवी उचलली आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दार धरून ठेवलं होतं, आपल्याआधी कुणीतरी बाहेर पडायचं असावं तसं. मी कागद उचलला, दोन्ही हात खाली धरून, आडवा, आणि कपाटात ठेवला.