लांब गाडी, उघडी गाडी

गेरिटनं उघड्या टपाची लाल गाडी आणली, तेव्हा नेल्वा हॉस्पिटलात होती. चेरी काढताना शिडीवरून पडून तिचा पाय मोडला होता. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर.

तीन मुलं, कुत्रा, बागेतल्या चेरीच्या पेट्या, सगळं त्यांच्या लांबलचक निळ्या स्टेशन वॅगननं वाहिलं होतं. नेल्वा त्यात कायम पुढे बसायची, मान मागे वळवून मुलांची भांडणं सोडवत. कधी शेजारून एखादी उघडी गाडी गेली, की ती वळणापर्यंत तिच्याकडे बघत राहायची. मागितली मात्र कधीच नाही. ती पडल्यावर गेरिटला तेच आठवत राहिलं, आणि बिचाऱ्याला धीर धरवला नाही.

घरी न्यायच्या दिवशी त्यानं लाल गाडी हॉस्पिटलच्या दारात उभी केली. वर टप नाही, आत चकचकीत कातडी सीट. चाकाच्या खुर्चीवरून बाहेर आलेली नेल्वा बघतच राहिली.

"कुणाची रे?"

"तुझी."

तिचे डोळे भरून आले. मग नर्सनं तिला आत बसवायचा प्रयत्न केला. सीट पार मागे सरकवली, तरी ताठ पाय काही आत मावेना. गाडी इतकी बुटकी, की तिला जमिनीवर बसवल्यासारखंच करावं लागत होतं. दोनदा कळ आली, तेव्हा गेरिटनंच "पुरे, पुरे" म्हटलं. त्याचा चेहरा पार उतरला.

तेवढ्यात त्यांची मुलगी कॉरी निळी वॅगन घेऊन आली. तिनं एकदा लाल गाडीकडे पाहिलं, एकदा आईच्या पायाकडे.

"बाबा, मोजमाप घेऊन तरी आणायची ना! आईला काय डिकीत घालणार होतात?"

"कॉरी, त्याला बोलू नकोस," नेल्वा म्हणाली. "मला कुणी असं काही आणलंय का आजवर?"

कॉरीनं वॅगनची मागची सीट पाडली, त्यावर घरातली गादी अंथरली. नेल्वा पाय पसरून, पाठ पुढच्या सीटला टेकवून मागे तोंड करून बसली. दोन पट्ट्यांनी गेरिटनं तिला नीट बांधलं आणि मागची काच पूर्ण खाली घेतली.

"ही चालवतो मी. ती लाल तू आण," तो कॉरीला म्हणाला.

अशी वरात निघाली. गेरिट हळू चालवत होता. आरशात त्याला नेल्वाचे पिकले केस उडताना दिसत होते, आणि त्यापलीकडे लाल गाडीतली कॉरी. दोघी समोरासमोर आल्या होत्या. कॉरीनं हात हलवला, नेल्वानं दोन्ही हात हलवले. कॉरीनं जीभ काढून दाखवली. नेल्वानंही काढली.

"गेरिट!" मागून हाक आली. "घराकडे वळू नकोस. तळ्याच्या रस्त्यानं घे."

"दुखत नाहीये ना तुला?"

"दुखतंय. तू सरळ घे."

गेरिटनं वळण सोडलं. मागून कॉरीनं जोरात हॉर्न दिला, आणि नेल्वा खळखळून हसली.