देवाचं पाणी

कुमार मिस्त्रीने पिकपखाली सरकून चेसीत, गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यात, पेचकस खुपसला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. त्याने तो जरा हलवला, तशी ओंजळभर तांबडी माती खाली सांडली. माती कसली, लोखंडच होतं ते. केबिनच्या मागे, जिथे मालाचा हौदा सुरू होतो तिथे, दोन्ही बाजूंची चेसी आतून पोखरली होती आणि उजवीकडे तर बोट जाईल एवढी चीर पडली होती. भामा उकिडवी बसून बघत होती. रोज पहाटे मोरा बंदरावर मासळी भरायची आणि ती नि गावातल्या आणखी चारजणी याच हौद्यात टोपल्यांना टेकून पनवेलच्या बाजारात यायच्या. म्हणजे इतके दिवस या भोकावर बसून येत होत्या. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

कुमार बाहेर आला, चिंधीला हात पुसले आणि आडपडदा न ठेवता म्हणाला, चेसी बदलावी लागेल. भंगाराच्या बाजारातून जुनी पण धड चेसी तो बघून देईल. वरचं सगळं उतरवून तिच्यावर चढवायचं, मग चेसीचा नंबर बदलला म्हणून आरटीओत खेटे घालायचे. गणपती होऊन जातील तोवर.

भामाच्या नवऱ्याने, भगवानने, यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं.

"गनपती हून जातील? मंग नाय जमनार. पट्टी मारून दे."

"पट्टी कशाला मारू, दादा? वेल्डिंग धरायला आजूबाजूला लोखंड लागतं. इथे आहे काय?"

झालं. भगवानचा भडका उडाला. त्याने आधी कुमारला झापलं, की गिऱ्हाईक दिसलं की तुम्हा लोकांची नियत फिरते. मग कंपनीला शिव्या दिल्या, की हल्ली पत्र्याला लोखंड म्हणून विकतात. मग मातीचे डंपर, डंपरांनी उखडलेला रस्ता, त्यावर खडी टाकून पळालेला ठेकेदार, सगळ्यांचा उद्धार झाला. कुमारने ऐकून घेतलं आणि साधा प्रश्न विचारला, गाडी खाऱ्या पाण्यात घालता का?

"देवाच्या पान्यात जाते," भगवान म्हणाला. "खाऱ्या पान्यात नाय."

कुमार शहरातला पोरगा, त्याला यातलं काही कळलं नाही. भामा गावातली होती, तिला सगळं माहीत होतं, आणि ती रागाने लाल झाली.

गावच्या गणपतींना खाडीवर पोचवायचा मान भगवानच्या घराकडे होता. बापाच्या काळात बैलगाडी होती. खाडीला दगड टाकून केलेला उतार होता, पण उतार संपला की मांडीभर चिखल. मूर्ती डोक्यावर घेऊन त्या चिखलात कोण उतरणार, म्हणून बाप बैल सोडायचा आणि माणसं लावून गाडी उलटी पाण्यात ढकलायचा. बाप गेला, बैल गेले, पिकप आली. भगवान ती मागे घेत घेत उताराच्या टोकाला न्यायचा, मागची चाकं बुडेपर्यंत, आणि मूर्ती हौद्यातूनच अलगद पाण्यात सुटायच्या. बांधावर उभं राहून गाव टाळ्या पिटायचं. भगवान केबिनच्या खिडकीतून डोकं काढून बघायचा तेव्हा त्याचा चेहरा नवरदेवासारखा दिसायचा.

इथवरही ठीक होतं. पण बापाचा आणखी एक नेम होता. देवाला पोचवून आलेली गाडी पाच दिवस धुवायची नाही. देवाचं पाणी आपल्या हाताने उतरवायचं नाही, त्याचं त्याला सुकू द्यायचं. बापाची गाडी लाकडाची होती, तिला काय त्याचं? पिकप मात्र दरवर्षी पाच दिवस दारात मीठ अंगावर घेऊन उभी राहायची. दरवर्षी भामा नळी घेऊन बाहेर यायची आणि दरवर्षी भगवान ती तिच्या हातातून काढून घ्यायचा. ती बडबडायची, तो ऐकायचा नाही, आणि पाचव्या दिवसापर्यंत जे आत जायचं ते गेलेलं असायचं.

 घरी येऊन भाकऱ्या थापताना भामाने तोंड सोडलं. चारचौघांत ती नवऱ्याला तुमी म्हणायची, पण राग आला की तिचं तुमी कुठल्या कुठे जायचं. चेसी बदलायची, तिने सांगितलं. देवाला कळतं, या वर्षी गाडी नाही. देव काय खटला भरणार नाही.

भगवानला देवाची काळजी नव्हती, रमेशची होती. रमेश मंडळाचा अध्यक्ष. जमिनीचे प्लॉट पाडून पैसेवाला झालेला, दारात नवी कोरी पिकप. "एक साल आपली गाडी नसली ना, का तो त्याची लावेल. आन मंग मान त्याचा. माज्या बापाचा मान मी असा दिऊन टाकू?"

"तुजा मान तुज्या हौद्यात बसव," भामा म्हणाली. "मी नाय बसनार."

दुसऱ्या दिवशी भगवानने हायवेच्या कडेच्या एका वेल्डरकडून पट्टी मारून घेतली आणि वर काळा रंग फासला. गाडीखाली वाकून बघितलं तर नव्यासारखी चकचकीत दिसत होती. त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाकवून वाकवून दाखवली. भामा मासळीवाल्या बायकांच्या घरोघरी गेली. साळू म्हणाली, पट्टी मारलीय ना, मग कशाला जीव खातेस आमचा. साळू अशीच, फुकटात बसायला मिळतंय म्हटल्यावर तिला छिद्र असलेली होडीही चालली असती. गंगाबाई सगळ्यांत म्हातारी. तिने फक्त विचारलं, "तू बसतंस का?"

"नाय."

"मंग मी बी नाय."

गंगाबाई नाही म्हटल्यावर बाकीच्याही नाही म्हणाल्या. त्या दिवसापासून बायका सहाआसनी रिक्षा करून बाजारात जायला लागल्या, टोपल्या मांडीवर, मासळीचं पाणी लुगड्यावर, आणि वाटभर भामाच्या नावाने बोटं मोडणं चालू. भामाने ते ऐकून घेतलं. भगवान रिकाम्या गाडीतून मागून यायचा आणि त्यांच्याकडे न बघता पुढे निघून जायचा. घरात गणपती बसले तरी नवरा-बायकोचं बोलणं नव्हतं. आरतीला तेवढा दोघांचा आवाज एकत्र यायचा.

गौरी-गणपतीच्या विसर्जनाला दुपारपासून भुरभुर लागली होती. पिकपला केळीचे खुंट बांधले, झेंडूच्या माळा सोडल्या, बेंजोवाले देवळापुढे वाजवायला लागले. घरोघरचे गणपती आणि मंडळाचा मोठा गणपती हौद्यात ठेवले गेले आणि त्यांच्या मागोमाग, दरवर्षीसारखी, गावची पोरं चढली. देवाबरोबर खाडीपर्यंत गाडीतून जायला मिळावं म्हणून पोरं महिनाभर आधीपासून भांडायची. साळूने आपली नात सोनम स्वतः उचलून वर ठेवली. पोरगी घंटा वाजवत मूर्तींच्या मधे उभी राहिली. हौदा खाली दबला आणि केबिन नि हौद्याच्या मधली फट जराशी रुंद झाली. बेंजोच्या आवाजात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. भामाच्या आलं.

ती तडक घरी गेली आणि पहार घेऊन आली. नऊवारी खोचलेली, कपाळावर मळवट, हातात पहार. बेंजो आपोआप थांबला.

"उतरा रे सगली. सोनम, उतर खाली."

पोरं तिच्या तोंडाकडे बघून उतरली. मूर्ती उतरवा म्हणाली तेव्हा माणसं घुटमळली, पण गंगाबाईने पहिली मूर्ती आपल्या हाताने उचलून देवळाच्या ओट्यावर नेली, तशी बाकीच्यांनीही उचलली. भगवान केबिनमधून उडी मारून आला. तो काय बोलला ते सांगण्यासारखं नाही. भामा मागे सरली नाही. तिने मागच्या चाकाच्या पुढे वाकून, होता नव्हता तेवढा जोर लावून, काळ्या रंगावर पहार घातली.

पट्टी शाबूत राहिली. पट्टीच्या शेजारचं लोखंड मात्र खापरासारखं फुटलं आणि रस्त्यावर पडलं. दुसऱ्या घावाला हौदा एका अंगाला कलला. केळीचा खुंट वाकडा झाला.

भगवानने तिच्या हातातली पहार धरली. "आज? देवाच्या दिवशी?"

"अडव मना," भामा म्हणाली. "पन आदी वाकून बग. तितं सोनम उभी होती."

तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, देवाची गाडी फोडली, हे काय बरं झालं नाही.  साळूने नातीला कडेवर घेतलं होतं आणि पोरगी मोठी झालेली असूनही ती तिला खाली ठेवत नव्हती.

मग रमेश पुढे आला. अगदी गोड आवाजात म्हणाला, असू दे, होतं असं, माझी गाडी आहे ना. त्याची पिकप आलीसुद्धा. मूर्ती तिच्यात चढल्या, बेंजो वाजायला लागला, आणि भगवानची गाडी माळांसकट देवळापुढे वाकडी उभी राहिली. भगवान मिरवणुकीच्या शेवटी चालत होता. भामा त्याच्या मागे चालत होती. तिला त्याची दया येत होती आणि त्या दयेचाही राग येत होता.

खाडीवर भरती होती. रमेशने उताराच्या वरच गाडी थांबवली आणि हँडब्रेक ओढला. पोरांनी पाठी घे, पाठी घे म्हणून गलका केला. रमेश खाली उतरला.

"इथनंच उचला. गाडी नाय घालत मी पान्यात. खारं पानी हाय, चेसी सडते."

भामाने सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. कुणालाही नवल वाटलेलं नव्हतं. जो तो मुकाट्याने पायजमे वर करायला लागला होता. एकटा भगवान जागच्या जागी उभा होता.

"तुला ठाव होतं?" त्याने विचारलं.

"कोनाला ठाव नाय, भगवान?"

"मंग कदी बोल्ला नायस."

रमेशने खांदे उडवले. "देवाचं काम, तुजा मान. आमी कोन बोलनार?"

इतके दिवस भामाचा सगळा राग एका माणसावर होता. आता तो त्या बांधावरच्या सगळ्यांना पुरेना. टाळ्या पिटणारे हेच हात होते, आणि यातल्या एकालाही आपली गाडी पाण्यात नको होती.

"बुडवायला आमची, आन कोरडी ठेवायला तुमची," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "चांगला मान दिलात."

 भगवानने गाडीतली सगळ्यांत जड मूर्ती, मंडळाची, दोघांच्या मदतीने डोक्यावर घेतली आणि तो उतार उतरला. उतार संपला तरी थांबला नाही. मांडीपर्यंत चिखल, कमरेपर्यंत पाणी, तरी पुढे जात राहिला. बाकीची माणसं एकेक मूर्ती घेऊन त्याच्या मागे शिरली. रमेशही शिरला, त्याला शिरावंच लागलं. या वर्षी टाळ्या वाजल्या नाहीत.

घरी आला तेव्हा भगवान कमरेपासून खाली चिखलाने माखलेला होता. ओट्यावर बसला आणि तसाच बसून राहिला. भामा नळी घेऊन आली.

"पाय पुढं कर."

"पाच दिस..." तो म्हणाला आणि तिथेच थांबला.

"तुज्या पायांची चेसी भंगारात नाय भेटत."

त्याने पाय पुढे केला. गोडं पाणी पोटरीवरून वाहायला लागलं तेव्हा त्याने खिशातून फोन काढून कुमारला लावला. चेसी बघून ठेव म्हणाला, धड बघ, गाडी सकाळी ओढून आणतो. कुमारने पलीकडून विचारलं, खाऱ्या पाण्याला टिकेल असा जाड लेप मारून देऊ का नव्या चेसीला?

भगवानने जरा वेळ अंगणातल्या रिकाम्या जागेकडे बघितलं, जिथे रोज पिकप उभी असायची.

"नको," तो म्हणाला. "खाऱ्या पान्यात नाय जात आमची गाडी."

भामाचा राग अजून उतरला नव्हता. तिने नळी दुसऱ्या पायावर धरली.