शेवंताच्या वाटचे उपकार

माघातले ऊन. राखेत घोळलेले, फिकट, मुके ऊन. सकाळी ते मुरमाड माळावर हलकेच येऊन बसते आणि सांजवेळी कुणाला न सांगता उठून जाते. पळसाची पाने गळून गेलेली, फुले अजून यायची. बाभळींच्या करड्या फांद्या निस्तेज आभाळावर ओरखडे काढीत उभ्या. आणि टेकडीच्या पायथ्याशी कौलारू घरांची एक रांग. रांगेच्या टोकाला काळ्या दगडांचे, बुटके, मायाळू चर्च.

ही बऱ्या झालेल्या माणसांची वसाहत. गावांनी वेशीबाहेर काढलेली ही माणसे एकेकाळी मिशनच्या आसऱ्याला आली, गोळ्या खाऊन बरी झाली आणि इथलीच होऊन राहिली. महारोग गेला. जाताना कुणाची बोटे घेऊन गेला, कुणाचे डोळे, आणि बहुतेकांच्या हातापायांतली जाण.

शेवंताच्या हातांतली जाण अशीच गेलेली. मनगटाखाली दोन्ही हात बधिर. निखारा आणि नदीचे पाणी त्यांना सारखेच. मखमल आणि करवत सारखीच. दिसायला ते हातच होते, कष्टाळू, काटक, सावळे हात; करंगळ्या तेवढ्या आत वळलेल्या, मिटू पाहणाऱ्या कळ्यांसारख्या.

पौषात तिचा नवरा वारला. याकोब त्याचे नाव. आंधळा होता. थंडीत खोकला धरला, खोकल्याने छाती धरली, आणि एका धुकट पहाटे त्याचा श्वास वाट चुकल्यासारखा बाहेर गेला तो परत आलाच नाही.

शेवंता रडली नाही. मातीची मूठ तिच्या हातात दिली तेव्हा मूठ उघडी का मिटलेली आहे, हेही तिला खाली पाहून समजून घ्यावे लागले.

दोघांचा एक नेम होता. दिवेलागणीला ओसरीवर बसायचे. आधी ती त्याचे तळवे मांडीवर घेई आणि डोळ्यांत तेल घालून न्याहाळी. कुठे काटा, कुठे फोड, कुठे खडा रुतलेला. त्याच्या पायांना दुखणे ठाऊक नव्हते. त्यांचे दुखणे तिच्या डोळ्यांत राहायला आलेले.

मग तो तिचे हात ओठांशी नेई. त्याचे ओठ जिवंत होते. एकेका बोटावरून ते सावकाश फिरत, रानातल्या वाटेवरून वाटसरू फिरावा तसे. डोळ्यांना दिसण्याआधी आतल्या जखमेची ऊब त्याच्या ओठांना लागे. बोट धड असले की तो म्हणे, "उपकार, बापा." पुढचे बोट. "उपकार, बापा." एखादे बोट तापलेले लागले, तर क्षणभर थबके आणि म्हणे, "उपकार, बापा. सापडलं."

हीच त्यांची सांजप्रार्थना. चर्चमध्ये मोठमोठी माणसे मोठमोठ्या शब्दांत देवाला आळवीत. या दोघांची उपकारस्तुती बोटाबोटाने चाले, पेरापेराने चाले. लग्नाच्या पहिल्या वर्षी शेवंताला त्याचे हसू येई. "अहो, बोटांचे कसले उपकार? गेली त्यांचं काय?" तेव्हा तो अंधारात बघत म्हणे, "गेली त्यांचा हिशेब त्याच्याजवळ. राहिली ती आपल्याजवळ. आपण आपलं बघावं."

आता दिवेलागण होई, आणि ओसरी रिकामी राही.

शेवंता दिवा लावी. दिव्याकडे पाठ करून बसे. हात पदराखाली घेई, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते आणि सांभाळायला म्हणून तिच्याकडे ठेवले होते. ती त्यांच्याकडे पाहीना. जेवणावर आभार मानायला तोंड उघडे आणि घास आत जाई. शब्द बाहेर येत नसे. तिचा देवावर राग नव्हता. राग असता तर तिला बरे वाटले असते. आत काहीच नव्हते. हातांतला मुकेपणा मनगट ओलांडून, कोपर ओलांडून, खांद्यावरून काळजात उतरला होता आणि तिथे थंडगार, नि:शब्द, बर्फासारखा पसरून बसला होता.

माघातल्या एका रविवारी चर्चमध्ये हंगामाची उपकारस्तुती होती. वसाहतीतल्या माणसांनी आपापल्या वाफ्यातले, अंगणातले आणले. हरभऱ्याचे टहाळे, ज्वारीची कणसे, टोपलीभर अंडी, एक अस्वस्थ कोंबडा. वेदीपुढे हिरवा-पिवळा, गंधभारला ढीग साचला. एकेक जण उठे, वाकड्या बोटांनी नमस्कार करी आणि बोले. कुणी नातवाबद्दल, कुणी विहिरीच्या पाण्याबद्दल, कुणी नुसते, अजून चालता येते म्हणून.

शेवंताची पाळी आली. ती उठली. ओढणीसारखा पदर डोक्यावरून सरळ केला. बाक, खिडकी, खिडकीतला उन्हाचा तुकडा, सगळे तिच्याकडे बघत होते.

"पाळकसाहेब," ती शेवटी म्हणाली, "माझ्याजवळ काही न्हाई."

कुणीतरी हळहळले. पाळकसाहेब तरुण नव्हते. त्यांनी या माळावर पुष्कळांना माती दिली होती. त्यांनी तिला बायबलातले वचन वाचून दाखवले नाही. ते म्हणाले, "नसू दे, मावशी. बसा तुम्ही. तुमच्या वाटचं आम्ही म्हणतो."

आणि सगळ्या चर्चने तिच्या वाटचे म्हटले. भसाडे, थरथरते, बेसूर आवाज एक झाले आणि तिच्या डोक्यावरून ओढ्यासारखे वाहत गेले. शेवंता कोरडी बसून राहिली. ओढा आहे, एवढे तिला कळले. त्याचे पाणी तिला लागले नाही.

तिच्या घराला लागून केसरबाईचे घर. केसरबाई खंडोबाची. कपाळभर भंडारा, पायांना नुसते अंगठे उरलेले, जीभ मात्र अख्खी आणि धारदार. तिच्या शेळीने एकदा शेवंताचा मिरच्यांचा वाफा फस्त केला. त्यावरून तोंडातोंडी झाली आणि बोलणे तुटले. दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत, भिंतीवर कैक वर्षांची धूळ. याकोबला माती दिली त्या दिवशी केसरबाई कबरस्थानाच्या फाटकाबाहेर उभी होती. आत आली नाही. माती पडून संपेतो हललीही नाही.

माघ संपता संपता ती सकाळ आली. शेवंता भाकरी करीत होती. मिशनने दिलेली लाकडी मुठीची सांडशी खुंटीवर होती. तिला उठून ती घ्यावीशी वाटली नाही. एवढेच. तिने तवा हाताने धरला आणि उतरवला, आणि धरूनच बसली. चुलीतल्या जाळाकडे बघत बसली. जाळ केशरी, लवलवता, देखणा होता. हातात काही आहे, हे ती विसरली.

भिंतीपलीकडून ओरड आली.

"ए शेवंते! काय जळतंय गं? भाकर का हात?"

शेवंताने मान वळवली नाही. मग धूळ उडाली, खापऱ्या घसरल्या, आणि ती कमरेएवढी भिंत केसरबाईने त्या अर्ध्या पावलांनी कशी ओलांडली ते तिलाच ठाऊक. तिने लाथेने तवा उडवला. शेवंताचा हात उलटा केला. तळव्यावर, बोटांवर पांढरे-लाल, मेणासारखे काहीतरी होते.

"बया, बया... दिसलं न्हाई का तुला?"

"बघितलं न्हाई," शेवंता म्हणाली.

दवाखान्यातल्या सिस्टरने पट्टी बांधली. बांधताना ती म्हणाली की जखम खोल आहे, चिघळली तर बोटे काढावी लागतील, रोज बघायला हवे, दोनदा बघायला हवे. "घरी कोण बघेल?" तिने विचारले. शेजारी उभी असलेली केसरबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी बघीन. मला काय दुसरा उद्योग हाय?"

तेव्हापासून ती येऊ लागली. सकाळ-संध्याकाळ. वाटेने येई, भिंतीवरून पुन्हा कधी आली नाही. आल्या आल्या गुरगुरे, "दाव हात." पट्टीच्या कडा हुंगे, ओल बघे, सूज बघे, दुसरा हातही उलटसुलट करून बघे. "तुज्या देवाचं मला काई ठावं न्हाई," एकदा ती म्हणाली. "पर याकोब काय करत होता त्ये भिंतीआडून ऐकू यायचं. मला त्ये म्हनता येनार न्हाई. मी आपली नुसती बघते."

शेवंता हात देई, जसा खुंटीला सदरा द्यावा. तिला बरे वाटले नाही, वाईट वाटले नाही. करंगळीचे टोक काळे पडले आणि सिस्टरने ते काढले. बाकीची बोटे राहिली. केसरबाईने त्या दिवशी मोठ्याने नाक शिंकरले. शेवंताने आढ्याकडे पाहिले.

दिवस गेले. माळ बदलला. पळसांनी पाने येण्याआधीच फुले उधळली. नागड्या, करपट फांद्यांवर रक्तकेशरी चोची फुटल्या. वारा उष्ण झाला, मोहाचा गोड-आंबूस वास टेकडीवरून उतरू लागला. शेवंता हे पाही. जसे कुणी काचेमागचे पाहावे, तसे पाही.

फाल्गुनी पुनवेच्या सांजेला केसरबाई आली ती उशिरा. मावळतीचा गुलाल अंगणात सांडला होता. "शेळी हरवली मुडद्याची, बाभूळबनात शोधून आले," ती धापा टाकत म्हणाली आणि ओसरीवर टेकली. "दाव हात."

पण शेवंता तिच्याकडे पाहत नव्हती. ती अंगणाकडे पाहत होती. फाटकापासून ओसरीपर्यंत, धुळीत, एका पायाच्या चपलेच्या प्रत्येक ठशाशेजारी एक ओला, काळपट ठिपका होता. ठसा, ठिपका. ठसा, ठिपका. शेवटचा ठिपका ओसरीच्या पायरीवर, अजून चमकणारा.

"केसर," ती म्हणाली. कैक वर्षांनी हे नाव तिच्या तोंडून निघाले. "पाय इकडं कर."

"माझ्या पायाला काय झालं? चांगला हाय."

"कर म्हणते ना."

केसरबाईने कुरकुरत चप्पल काढली. बाभळीचा काटा होता, पांढरा, सुईसारखा, बोटभर लांब. चपलेचा तळ भेदून तो पावलात शिरला होता आणि ती त्याच्यासह सगळे बन हिंडून आली होती. चप्पल निघाली तसा काटा आत मोडून राहिला. एवढेसे बूड तेवढे वर दिसत होते. केसरबाई आपल्याच पायाकडे परक्यासारखी बघत राहिली. तिची धारदार जीभ एकाएकी लहान मुलीची झाली.

"पाय जाईल का गं माझा?"

शेवंताचा एक हात पट्टीत, दुसरा बधिर. त्या बोटांना काट्याचे बूड चिमटीत कळणार नव्हते. तिने क्षणभर विचार केला. मग ती वाकली. तो धुळीने माखलेला, रक्ताळलेला, अर्धा उरलेला पाय तिने दोन्ही मनगटांवर उचलला, तोंडाशी आणला, आणि दातांत काटा धरला.

सावकाश, सरळ, न मोडता, तिने तो ओढून काढला.

काट्यामागून रक्त आले. तिच्या ओठांवर आले. ऊन होते. खारट होते. इतके दिवस तिला काही लागले नव्हते आणि आता हे लागले. दुसऱ्याच्या पावलातले रक्त, माणसाच्या उबेचे, धावते, लाल. तिने काटा थुंकला. तोंड पुसले नाही. आणि तिच्या तोंडून काहीतरी निसटले, इतक्या हलक्याने की ते बोलणे होते की श्वास, हे तिलाही समजले नाही.

"काय म्हनलीस?" केसरबाईने विचारले.

"काही न्हाई."

"म्हनलीस. मी ऐकलं."

शेवंताने पाण्याचा हंडा कलता केला आणि पाय धुतला, फडके फाडले, दातांनी गाठ मारली. मग म्हणाली, "उपकार म्हणाले."

"कुनाचे?"

"बापाचे."

"आन कशापायी? याकोब गेला, बोट गेलं, आता माझ्या पायात ह्यो काटा. ह्यात उपकार कशाचे गं?"

शेवंताने आत शोधले. आत अजून तोच बर्फ होता, तसाच पसरलेला. तो वितळला नव्हता. डोळे कोरडे होते. याकोबची जागा जिथल्या तिथे रिकामी होती. पण बर्फाच्या कडेला कुठेतरी, नखाएवढ्या जागेत, ओल होती.

"दिसला म्हणून," ती म्हणाली. "उजेड होता. दिसला."

केसरबाईने आपला बांधलेला पाय उंबऱ्यावर पसरला. "सकाळी दवाखान्यात जाऊ," शेवंता म्हणाली, "तुझ्यासंगं मी येते." केसरबाईने मान हलवली.

दूर, माळापलीकडच्या गावात, होळी पेटली. ज्या गावांनी त्यांना वेशीबाहेर काढले, तसेच एक गाव ते. बोंबांचा, ढोलांचा आवाज वाऱ्यावर विरत विरत आला. केसरबाईने बसल्याजागी त्या दिशेला हात जोडले. शेवंताने जोडले नाहीत. तिने आपला उघडा हात तिच्या पुढ्यात धरला, बघायला. केसरबाई बघू लागली. एकेक बोट, एकेक पेर.

आणि त्या दोघींच्या मागून, टेकडीच्या काळ्या खांद्यावरून पुनवेचा चंद्र वर आला. मोठा, पिवळा, संथ. त्याने आधी चर्चचे दगड उजळले, मग कौले, मग बोरीखाली येऊन उभी राहिलेली, कुणी न आणलेली, हरवलेली शेळी. ती एकदा ओरडली. मग माळ शांत झाला, आणि चांदणे, कुणाला न विचारता, साऱ्यांच्या अंगणात उतरत राहिले, उतरत राहिले.