न फिरणारा रूळ

ताइनानच्या आमच्या प्रयोगशाळेत को युनश्येन माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. तिचं पीएचडीचं काम संगणकातलं होतं. आमच्याच ज्यान सरांचा जुना विद्यार्थी आणि आता विभागात शिकवणारा थांग वेइच्यू, म्हणजे आमचा थांग दादा, याने पूर्वी काँक्रीटच्या तुळया मशीनखाली वाकवून मोडल्या होत्या. त्याच तुळया युनश्येनने संगणकात उभ्या करायच्या, तिथेही मोडायच्या, आणि दोन्हीकडचे आकडे जुळतात का ते बघायचं.

तुळई दोन्ही टोकांना गोल, फिरत्या पोलादी रुळांवर टेकते. काँक्रीट आणि पोलाद एकमेकांना कसे भिडतात, हे संगणकाला सांगावं लागतं. चिकटलेले आहेत की घसरू शकतात, आणि घसरले तर किती घर्षणाने. युनश्येनने चिकटवले. गणित झटक्यात सुटलं आणि तिचा आलेख थांग दादाच्या आलेखावर तंतोतंत बसला. तिने सगळ्यांना थंड चहा पाजला.

ज्यान सरांनी आलेख पाहिला. "छान. पण चिकटवलंस का?"

"जुळतं म्हणून, सर."

"जुळतं ते मलाही दिसतंय. कारण विचारतोय. एक परिच्छेद लिहून आण."

तो परिच्छेद काही तिला लिहिता येईना. रूळ असतो तोच मुळी तुळईचं टोक सरकावं म्हणून. मग तिने घसरू देऊन पाहिलं, तर गणित अर्ध्यात कोसळायचं. तिने भार हळूहळू चढवला, गणितासाठी तुळईवर आखलेली जाळी टेकूजवळ बारीक केली. संगणकाने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्याच्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं. अखेर गणित सुटलं, पण तुळई प्रयोगातल्यापेक्षा बरीच आधी मोडली. जवळजवळ एक पंचमांश भार कमी.

"तुझं घर्षण चुकलंय," थांग दादा म्हणाला. "वाढव."

"वाढवलं. जुळायला इतकं लागतं की रबरसुद्धा लाजेल."

"मग चिकटव आणि मोकळी हो बाई! तुळया माझ्या डोळ्यांसमोर मोडल्यात. संगणकाने प्रयोगाच्या मागून चालायचं."

त्याचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. पण युनश्येन जेवण अर्धवट टाकून खाली मशीनपाशी गेली. मीही गेलो. टेकूपाशी उकिडवं बसून तिने रुळाला हात लावला. मग पाय लावून ढकललं. रूळ जागचा हलला नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना पोलादाच्या आखूड पट्ट्या वेल्ड केलेल्या होत्या. तेवढ्यात थांग दादा मागून आला.

"या पट्ट्या कोणी लावल्या, दादा?"

"मी. आमच्याबरोबर एकजण होता, मोडलेली तुळई रुळावरून सरकून त्याच्या पायावर आली. दोन बोटं गेली बिचाऱ्याची. त्यानंतर लावून घेतल्या. तेव्हापासून इथे कुणाला खरचटलंसुद्धा नाहीये."

"आणि तुमचे प्रयोग?"

"सगळे त्यानंतरचे."

पुढचं त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वाकताना तुळईची टोकं बाहेर सरकू पाहतात. ती अडवली की तुळई कमानीसारखी ताठते आणि तिच्यात नसलेलं बळ दाखवते.

"ताइतुंगच्या एका शाळेची डागडुजी या प्रयोगांवरून काढलेल्या माझ्या सूत्रावर चाललीये," तो म्हणाला आणि तसाच जिना चढून सरांच्या खोलीत गेला.

पट्ट्या कापल्या. मोडलेली तुळई पडू नये म्हणून वर साखळ्या लावल्या, भोवती कुंपण घातलं. त्याच मिश्रणाची नवी तुळई ओतली, आणि ती पुरती घट्ट झाल्यावर थांग दादाने स्वतः मशीन चालवलं. युनश्येनच्या घसरणाऱ्या तुळईने सांगितलं होतं त्याच्या आसपास ती मोडली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

दादाने आपला शोधनिबंध मागे घेतला. त्याची बढती लांबली. पोरीने दादाला खड्ड्यात घातलं, असं विभागात दोघं-चौघं बोलले. आमच्याबरोबर जेवायला येणं त्याने बंद केलं. युनश्येनने एकदा मला विचारलं, "मी खाली जायलाच नको होतं का?" मी म्हटलं, नूडल्स गार होतायत, खा आधी.

उन्हाळ्याच्या तोंडावर दादा ताइतुंगला निघाला, तेव्हा त्याने तिलाही बोलावलं. शाळेच्या अभियंत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढ्या लांब चूक सांगायला आलात? लोक तर फोनही उचलत नाहीत." हिशेब पुन्हा केला, तेव्हा तळमजल्यावरच्या काही तुळयांना जादा पोलाद लागणार होतं. सुट्टीत ते बसणार होतं.

परतीच्या गाडीत डबा उघडता उघडता दादाने विचारलं, "शेवटी घर्षण किती धरलंस?"

तिने आकडा सांगितला.

"कुठून आणलास?"

"तशाच काँक्रीटच्या ठोकळ्यावर पोलाद घासून मोजला."

"पुढच्या सत्रात घर्षणावरचा माझा तास तूच घे."

"मला वर्गात बोलायला जमत नाही, दादा."

"कळलं मला ते. तरी घे," तो म्हणाला आणि आपल्या डब्यातलं अंडं त्याने तिच्या डब्यात टाकलं.