आजोबांची होकारांची वही

मित्रांनो, मी एक जुना घरगुती कॉम्प्युटर आहे. माझं वय तेरा वर्षं, म्हणजे आमच्यात मी पार म्हातारा. खिडकी आणि चपलांचं कपाट यांच्या मधे जे टेबल टाकलं होतं ना, तिथे माझा मुक्काम. टेबलाचा एक पाय आखूड आहे, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आहे. ती घडी निसटली की मी किंचित कलतो आणि सगळे धावत येतात. तेवढाच आपला मान.

एका कारखान्यात माझे भाग जुळवले, खोक्यात बसवलं आणि या घरी धाडलं. आलो तेव्हा काय थाट होता म्हणून सांगू! आजोबांच्या सूनबाईंनी स्वतः विणलेलं झाकण माझ्यावर घातलं, मुलाने घरात सगळ्यांना 'हात धुऊन मगच लावा' अशी तंबी दिली, आणि नातीने पहिल्याच आठवड्यात माझ्या कळफलकावर दूध सांडलं. त्याचा 'ळ' तेव्हापासून चिकट आहे. वर्षानुवर्षं मी या घराची कामं उपसली. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि माझ्यावरचं झाकण आठवडा आठवडा निघेना. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं.

तेव्हा मला हात दिला तो आजोबांनी. त्यांची थोरली बहीण, अक्का, दोन दिवसांच्या प्रवासाइतकी लांब राहते. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनवर अर्धा वेळ नुसतं हॅलो हॅलो चालायचं. मोबाइलवरची अक्षरं आजोबांना दिसत नाहीत आणि त्यांचं एक बोट तीन कळा दाबतं. म्हणून रोज सकाळी चहा झाला की ते माझ्यासमोर बसायचे आणि अक्काला ईमेल लिहायचे. अक्षरं एवढी मोठी ठेवायचे की पाच शब्दांत ओळ संपे. कोण काय म्हणालं, दाढ कशी ठणकते आहे, मुलगा हल्ली किती कमी बोलतो, सगळं त्यात असायचं. ती पत्रं वाचणारा जगात अक्कानंतर मीच.

आता आजोबांची एक खोड सांगतो. चौतीस वर्षं ते टपाल कचेरीत खिडकीवर बसत. समोर आलेल्या माणसाला उत्तर दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही, अर्जातला एकही रकाना कोरा सोडायचा नाही आणि दिलेलं उत्तर लगेच वहीत टिपायचं, असा त्यांचा नेम. नोकरी सुटली, नेम सुटला नाही. माझ्या पडद्यावर कसलीही चौकट उगवली की ते चष्मा पुसायचे, ती शेवटपर्यंत वाचायचे आणि बिचाऱ्याला कशाला ताटकळत ठेवायचं म्हणून 'हो' दाबायचे. माणूस भिडस्त. 'नको' म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं.

एकदा त्यांनी अक्षरं आणखी मोठी दिसावीत म्हणून भिंगाचा एक फुकट प्रोग्राम उतरवून घेतला. भिंग आलं, आणि भिंगाच्या पाठोपाठ वऱ्हाड आलं! शोधायचं नेहमीचं पान जाऊन भलतंच पान आलं. वर एक पट्टी चिकटली, तिच्याखाली दुसरी. बुटांच्या, तेलांच्या, टक्कल घालवण्याच्या जाहिराती कोपऱ्यातून टपाटप उड्या मारू लागल्या. आजोबा 'प्रिय अक्का' लिहीत आणि त्यावर बूट येऊन बसत. माझा पंखा घरघरू लागला. एक अक्षर उमटायला मी इतका वेळ घेई की मलाच लाज वाटे. आणि रोज एक लाल चौकट ओरडायची, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, इथे दाबा. आजोबा घाबरून दाबायचे. मग तर काय, विचारूच नका.

शेवटी पत्र लिहिणंच थांबलं. मुलाने मला पाहिलं आणि मान हलवली. म्हणाला, याचं आयुष्य संपलं, रविवारी भंगारवाला येतोय त्याला देऊन टाकू. नवा लॅपटॉप आणू, पण बाबांनी त्याला हात लावू नये, अक्काला काय लिहायचं ते मला तोंडी सांगावं, मी टाइप करीन. तो प्रेमानेच बोलला हो. पण 'मुलगा हल्ली कमी बोलतो' हे त्या मुलालाच कसं सांगून लिहवायचं? आजोबा 'बरं' म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले. मला वाटलं, माझं जाऊ दे, पण या भावाबहिणीचं बोलणं बंद होणार.

सूनबाईंच्या ते लक्षात आलं. निदान एकदा दाखवू तरी, म्हणून त्यांनी शनिवारी दुपारी दुरुस्तीवालीला बोलावलं. बाई कामाला वाघ. तिने आधी आजोबांची सगळी पत्रं पेनड्राइव्हवर काढून घेतली. मग माझ्यातल्या प्रोग्रामांची यादी तारखेप्रमाणे लावली. पण यादीत दोनशे नावं, आणि चोरांनी नावं अशी सोज्वळ घेतलेली की माझेच अवयव वाटावेत. ओळखू आले ते दोन तिने उपटून टाकले, मला बंद करून चालू केलं, आणि बूट पुन्हा हजर! भरवशाच्या प्रोग्रामने तपासणी केली, ती 'काही सापडत नाही' म्हणाली. बाईने कपाळाला हात लावला. आता सगळं पुसून नव्याने भरावं लागेल, पण हा इतका जुना आहे की परत उभा राहीलच असं नाही, असं तिने सांगून टाकलं.

तेवढ्यात आजोबा आतून एक वही घेऊन आले. ओशाळून म्हणाले, "मी काय काय दाबलं ते लिहून ठेवलंय. उपयोग आहे का बघा."

बाईने वही उघडली. तारीख, वेळ, कोणी विचारलं, काय विचारलं, उत्तर. भिंग बसवताना: सोबत खरेदीचा मदतनीस हवा का? हो. हवामानाची पट्टी? हो. शोधाचं पान बदलू का? हो. असे सत्तेचाळीस होकार, सुवाच्य अक्षरात.

"काका," ती म्हणाली, "वीस वर्षं हे काम करतेय. प्रत्येक जण सांगतो, मी काहीच दाबलं नाही. खरं लिहून ठेवणारे तुम्ही पहिले."

मग दोघं शेजारी बसले. आजोबा तारीख वाचत, बाई यादीत ती तारीख शोधून प्रोग्राम काढून टाकी. ब्राउझरला चिकटलेल्या पट्ट्या गेल्या, पान मूळचं झालं. राहिले ते बूट. ते सापडले एकेचाळिसाव्या नोंदीत. शब्दकोड्यांच्या एका संकेतस्थळाने विचारलं होतं, तुम्हाला सूचना पाठवू का? उत्तर: हो, जरूर. तो प्रोग्राम नव्हताच, नुसती परवानगी होती, म्हणून तपासणीत सापडेना. बाईने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढून घेतली. मला बंद केलं, चालू केलं. बूट नाहीत, पंखा शांत. माझ्या जिवात जीव आला!

जाताना तिने आजोबांना बजावलं. फुकट काही उतरवताना होकाराच्या चौकोनांत आधीपासून केलेल्या खुणा काढायच्या, आणि असल्या चौकटींना उत्तर देणं हे तुमचं कर्तव्य नाही. मुलानेही वही चाळली. बराच वेळ चाळली, आणि मग चहा घेऊन आजोबांशेजारी येऊन बसला. रविवारी भंगारवाला आला तेव्हा त्याने चपलांचं कपाट नेलं.

सोमवारी आजोबांनी पत्र धाडलं, तासाभरात उत्तर आलं. "बाळ्या, नऊ दिवस पत्र नाही. रोज चहा घेऊन या पेटीसमोर बसत होते. पुन्हा असं करू नकोस." आजोबांनी ते तीनदा वाचलं. तेवढ्यात एक चौकट उगवली, तुम्ही भाग्यवान आहात, इथे दाबा. आजोबांनी चष्मा पुसला, ती पूर्ण वाचली, बंद केली आणि वहीत अठ्ठेचाळिसावी नोंद केली. उत्तर: नको. क्षमस्व.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. अनोळखी चौकटींना खुशाल 'नको' म्हणा, माझा पंखा तुम्हाला दुवा देईल. पण घरातलं कोणी चष्मा पुसत येऊन 'हे जरा दाखवतेस का, दाखवतोस का' म्हणालं, तर तिथे मात्र लगेच 'हो' म्हणा.