अंजनाच्या नावाचा झाडू

अंजना गेल्याचा फोन मला अंजनाच्याच फोनवरून आला. मी गेवराईत सलीमभाईंच्या दुकानात बसलो होतो. तलवाड्यात आमची पिठाची गिरणी आहे. तिची मोटर जळली होती आणि सलीमभाई तिच्यात नवी तार भरून देत होते. फोनवर तिचं नाव दिसलं म्हणून मी तिला बोलूच न देता सांगितलं, होत आलंय, निघतोच. पलीकडे शेजारचा तानाजी होता. तो म्हणाला, "काका, मी तानाजी. काकू गेल्या."

सलीमभाईंनी हातातली तार खाली ठेवली, शटर ओढलं आणि मोटरसायकल काढली. "धोंडीरामभाऊ, मागं बसा," एवढंच म्हणाले. 

तानाजी आधीचं दळण न्यायला घरी आला होता. हाक मारली तरी कोणी ओ देईना म्हणून त्यानं आत पाहिलं. अंजना मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिचा एक हात तेजश्रीच्या चाकाच्या बॅगेच्या दांड्यावर होता. डॉक्टर म्हणाले, बसल्या जागी हृदय बंद पडलं. दांड्यावरची बोटं सोडवायला आम्हाला वेळ लागला.

तेजश्री आमची एकुलती एक मुलगी. अंबाजोगाईला नर्सिंग शिकली, पदवी घेतली. एका संस्थेनं तिला टांझानियातल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात वर्षभर स्वयंसेवक म्हणून निवडलं होतं. राहणं-खाणं संस्थेचं, पगार नाही. गावात त्यावर बरंच बोलणं झालं. आमच्या भावकीतले आप्पाराव ओसरीवर बसून म्हणाले, पगारच न्हाई तर पोरगी एवढ्या लांब जाती कावून? अंजना आतूनच म्हणाली, "मामंजी, मी इतकी वर्षं या घरात भाकरी थापते. मला कोन पगार देतंय? आन तुमी तर रोज जेवायच्या टायमालाच येता." आप्पाराव त्या दिवशी चहा न घेताच उठले.

अंजना स्वतः पैठणच्या पुढं कधी गेली नव्हती. तेजश्रीची निवड झाली तशी तीच बीडला जाऊन बॅग घेऊन आली. दुपारी घरात कोणी नसलं की ती रिकामी बॅग या खोलीतून त्या खोलीत ओढत फिरायची. आमच्या घरात शहाबादी फरशी आहे. तिच्यावर त्या चाकांचा खरखर आवाज व्हायचा, तो मला गिरणीतून घरी येताना रस्त्यावर ऐकू यायचा. मी एकदा विचारलं, हे काय चाललंय. म्हणाली, बघते, कशी चालती ते.

अंजना गेली तेव्हा तेजश्री प्रशिक्षणासाठी दिल्लीला होती. दिवस उन्हाळ्याचे. तिची वाट बघत थांबता आलं नाही. संध्याकाळी मी अग्नी दिला.

आमच्याकडे झाडूचे दोन नियम आहेत. घरचं माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडत नाहीत, जाताना असो की येताना. आणि मयत उचललं की लगेच झाडतात, आतल्या भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत. गेलेल्याला त्यावरून कळतं की आपलं इथलं संपलं. त्या दिवशी दोन्ही एकदम आलं. तिरडी उचलली आणि माझी थोरली बहीण केशरबाई, आमची आक्का, झाडू घेऊन मधल्या खोलीत गेली. तेवढ्यात तेजश्रीचा फोन आला की ती दिल्लीहून निघाली. आक्कानं झाडू परत दाराआड ठेवला. लेकरू वाटंवर हाय, आता झाडायचं न्हाई, असं ती म्हणाली. जमलेल्या बायकांनाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी तेजश्री घरी आली, मग घर झाडलं.

सुतकात भेटायला आलेल्या बायका ओसरीवर बसायच्या. एका दुपारी त्या बसलेल्या असताना आतून खरखर आवाज आला. बोलणं थांबलं. तेजश्री बायकांमध्येच होती, मी अंगणात होतो. घरात कोणी नव्हतं. आत जाऊन पाहिलं तर कपाटाजवळची बॅग मधल्या खोलीच्या दारात उभी होती. आक्का म्हणाली, फरशीला उतार हाय. मी बॅग मागं नेली आणि आडवी करून ठेवली. पुढच्या दुपारी पुन्हा तोच आवाज आला. बॅग दारात होती आणि उभी होती. या वेळी उताराचं कोणी बोललं नाही. बायका लवकर उठून गेल्या.

माणूस जिथं जीव सोडतं तिथं आमच्याकडे दिवा ठेवतात. दिव्यापुढं चाळलेलं पीठ पसरतात आणि वर डालगं, म्हणजे विणलेली मोठी टोपली, पालथी घालतात. दहाव्याच्या सकाळी ती उचलून पिठात काय उमटलं ते बघतात. पाखराचे पाय दिसले तर पाखराचा जन्म, मुंग्यांची रांग दिसली तर मुंगीचा. आक्कानं डालगं उचललं तेव्हा आम्ही सगळे वाकून बघत होतो. पिठात पाय नव्हते. दोन सरळ रेघा होत्या, शेजारी शेजारी. दिव्यापासून निघून दाराच्या बाजूला गेलेल्या.

कोणी म्हणालं नाग, कोणी म्हणालं बैलगाडी. मी बॅगेकडे गेलो आणि ती उलटी केली. चाकांच्या फटीत पीठ होतं.

मला वाटलं, हे तेजश्रीनंच केलं असणार. नातेवाईक तिला जाऊ नको म्हणत होते. घरात मयत झालेलं, वर्ष व्हायच्या आत समुद्रापलीकडे कसली जाते, असं चाललं होतं. आईची मर्जी दिसावी म्हणून पोरीनं ही युक्ती केली असेल. मी तिला गिरणीत बोलावलं. दार लावलं आणि म्हणालो, "पीठ तू विस्कटलंस ना? खरं सांग. मी रागावणार नाही."

ती म्हणाली, "अण्णा, मला वाटलं तुम्ही."

"मी कशाला करू?"

"मी जावं म्हणून. मी संस्थेला नकार कळवणार होते. तुम्हाला एकटं टाकून मला जायचंच नाही."

मलाही तिनं जावं असं वाटत नव्हतं. तिची आशा मोडेल म्हणून मी गप्प होतो, ते मी तेव्हा तिला सांगितलं. मग आम्ही दोघं बंद गिरणीत बसून राहिलो. तिनं केलं नव्हतं, मी केलं नव्हतं. बाहेर कोणीतरी दळण घेऊन आलं, दार वाजवलं आणि निघून गेलं.

आक्काला मी बॅगेच्या चाकांचं सांगितलं. ती मधल्या खोलीच्या दाराकडे बघत खाली बसली. "धोंडू, आपुन लई मोठी चूक केली. तिला नेलं आन घर झाडलंच न्हाई. तिला वाटलं, आपुन गावाला निघालो."

मी म्हणालो, दुसऱ्या दिवशी झाडलं की.

"त्यो झाडू पोरीच्या नावाचा. पोरगी पोचली म्हणून मारला. अंजनाच्या नावाचा कुठं मारला? ती अजून वाटंवर हाय. आन वाट तिला एकच ठावं हाय, पोरीची."

उपायही तिनंच सांगितला. ज्यानं अग्नी दिला त्यानं अंजनाचं नाव घेऊन आतल्या भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत झाडायचं आणि झाडू शिवेबाहेर टाकून यायचं. हे तेजश्री निघायच्या आत व्हायला हवं होतं. ती एकदा निघाली की ती पोचेपर्यंत झाडता येणार नव्हतं, आणि तोवर अंजनाही तिच्यासोबत गेलेली असती.

तेराव्यानंतर मी झाडू घेतला आणि मधल्या खोलीत गेलो. तेजश्री बॅगेजवळ बसून कपडे भरत होती. मी विचारलं, तुला तर जायचं नव्हतं. ती म्हणाली, आई निघालीच आहे ना. मग तिनं माझ्या हातातल्या झाडूकडे पाहिलं.

"अण्णा, राहू द्या. तुम्ही झाडलं तर मला एकटीला जावं लागेल. एकटीला मला नाही जमणार."

जिवंत पोरीला मेलेल्या बाईच्या सोबतीनं पाठवायचं का, हे मला ठरवायचं होतं. ती बाई तिची आई होती. माझी बायको होती. मी झाडू भिंतीला टेकवला.

निघायच्या दिवशी सलीमभाईंनी ओळखीच्यांची गाडी आणली. आक्कानं देवापुढं तेजश्रीच्या हातावर दही दिलं. तेजश्रीनं ते खाल्लं, आक्काच्या पाया पडली. आक्कानं वाटीत पुन्हा चमचा घातला आणि दही भरलेला चमचा बॅगेच्या बाजूला, रिकाम्या जागी पुढं केला. तिला स्वतःलाच ते नंतर कळलं असावं. तिनं हात पटकन मागं घेतला. चमचा रिकामा झाला होता. फरशीवर दही सांडलेलं मला दिसलं नाही. मी नीट पाहिलंही नाही.

तेजश्री "येते" म्हणाली. बॅग गच्च भरलेली होती, मला ती सकाळी उचलवली नव्हती. तेजश्रीनं दांड्याला नुसता हात लावला आणि बॅग उंबरा ओलांडून बाहेर गेली. सलीमभाई डिकी उघडून उभे होते. त्यांनी ते पाहिलं. ते एक पाऊल मागं सरकले आणि मग बिस्मिल्ला म्हणून त्यांनी बॅग आत ठेवली.

तेजश्री पोचली तसा तिचा फोन आला. आक्का म्हणाली, आता झाड. मी म्हणालो, तिला जरा तिथं रुळू दे. तेजश्री फोनवर दवाखान्याचं सांगायची. सकाळी बाळंतिणी येतात, पाणी लांबून आणावं लागतं, तिथली भाषा हळूहळू कळते आहे. आईचं तिनं काही सांगितलं नाही. मी एकदा विचारलं की तुझ्या खोलीत फरशी कसली आहे. म्हणाली, फरशी नाही अण्णा, साधी सारवलेली जमीन आहे.

परवा दुपारी तिचा फोन आला तेव्हा मी मधल्या खोलीत होतो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "अण्णा, झाडलं का?"

मी नाही म्हणालो.

"आता झाडा. मला आता एकटीला राहता येतंय. मी आईलाही सांगितलं, तू जा आता."

"मग ती काय म्हणाली?" मी विचारलं. असा प्रश्न आपण विचारतो आहोत याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

तिचं उत्तर यायच्या आतच फरशीवर चाकांची खरखर ऐकू आली. आधी लांबून, मग जवळून. तेजश्रीकडे फरशी नाही आणि आमच्या घरात आता बॅग नाही. आवाज माझ्या मागं येऊन थांबला. मी वळून पाहिलं नाही. फोन कानाला तसाच धरून मी तेजश्रीला म्हणालो, झाडतो.

आक्का रोज विचारते. घर रोज झाडलं जातं, शेजारची पोरगी येऊन झाडून जाते. पण अंजनाचं नाव घेऊन, आतल्या भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत, मी अजून झाडलेलं नाही.