भिंगरीचा पहिला दगड

भिंतीबाहेरच्या लोकांची पक्की समजूत होती, की त्या अजस्र इमारतीचे दगड लांबच्या डोंगरातून येतात. समजूत टिकावी म्हणून मुकादम दर आठवड्याला चाळीस माणसांकडून एक शिळा दोरखंडांनी ओढत रस्त्यारस्त्यातून फिरवायचा. दर आठवड्याला तीच शिळा. तिचे कोपरे झिजून गुळगुळीत झाले, तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

खरे दगड भिंतीच्या आत शिजत होते. चुनखडीचा भुगा, नदीची माती, चुना, राख आणि खाराचं पाणी एकत्र कालवायचं, लाकडी साच्यात ओतायचं आणि चार दिवस ओल्या चटयांखाली झाकून ठेवायचं. पाचव्या दिवशी दगड. हे ज्याला करता आलं, तो पुन्हा दाराबाहेर जात नसे. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. दारात दोन भालेवाले उभे होते, तेवढ्यावर भागत होतं.

कालवणारीला आत येऊन अठरा वर्षं झाली होती. खारपाणी जोखायचं कसं, हे तिला सासऱ्यांनी शिकवलं. थेंब जिभेच्या टोकावर ठेवायचा आणि आकडे मोजायचे. ठेवताक्षणी चावला तर जहाल, दहा झाले तरी चावला नाही तर मिळमिळीत. तीनावर चावला की बिनघोर ओता. एवढ्या वर्षांत टोक पार मेलं, तेव्हा ती जिभेच्या कडेवर भागवू लागली. मजा अशी, की दगडाची चव बिनचूक सांगणाऱ्या या बाईला भाजीत मीठ पडलंय की नाही, हे मात्र लेकीला विचारावं लागायचं.

लेक तेरा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. मुलांना पहिला दगड घालीपर्यंत दारातून जायला-यायला मुभा होती. भिंगरी भालेवाल्यांच्या काखेखालून वाकून सटकायची, ती थेट नदीवर, मावशीच्या नावेत. वल्हं मारून हाताला घट्टे पडले होते, आणि ते ती दागिन्यासारखे मिरवायची.

"आई, तू का गं कधी येत नाहीस?" तिने लहानपणी एकदा विचारलं होतं.

"मला बाहेरचं ऊन सोसत नाही," आई म्हणाली होती. पोरीने ते खरं मानलं. आई तरी दुसरं काय सांगणार होती?

एका दुपारी मुकादम आला. "पोरगी हाताशी आली की. उद्या तिचा दगड घालू."

"तिला नाही जमायचं, मुकादम. धांदरट आहे हो. चूल पेटवायला सांगावी, तर लाकडं शोधायला जाते आणि चूलच विसरते."

"नाही जमलं तर जाऊ दे मावशीकडे. ठोंब्यांना आत ठेवून पोसायचं कुणी?" तो जाता जाता थांबला. "आणि बाई, तिच्या कानात काही कुजबुजलीस, तर दोघींची जीभ जाईल."

सकाळी कोणी यायच्या आत कालवणारीने खारपाण्याच्या रांजणात चार घागरी साधं पाणी ओतलं. असल्या पाण्याचा दगड पाचव्या दिवशी शिळ्या भाकरीसारखा भुगा होणार. पोर दोन दिवस रडेल, मग आयुष्यभर नाव हाकेल. थेंब जोखायचं आपण तिला कधी शिकवलंच नाही, यावर आईची सगळी भिस्त होती.

भिंगरी साच्यात ओतत होती, तेव्हा मुकादमाने आईला जवळ फिरकू दिलं नाही. नंतरचे चार दिवस तिने कसेबसे ढकलले.

पाचव्या दिवशी सगळ्यांसमोर मुकादमाने साचा सोडवला आणि दगडावर हातोडी मारली.

टण्ण.

कालवणारीच्या स्वतःच्या पहिल्या दगडालाही असा नाद आला नव्हता. तिचा ऊर भरून आला. आणि मग तिची नजर दारातल्या भाल्यांकडे गेली.

"आई, ओळखलं मी!" भिंगरी धावत आली. "पाणी तूच पातळ केलंस ना? दहा मोजले तरी चावेना. म्हटलं, आई माझी परीक्षा बघतेय! मग मूठ-मूठ खार टाकला आणि तीनावर आणलं." तिने जीभ काढून दाखवली. टोक लालभडक झालं होतं.

"तुला... कुणी शिकवलं?"

"तूच! रोज तुझे ओठ हलतात की. एक, दोन, तीन."

मुकादम कालवणारीकडे रोखून पाहत होता. पाणी पातळ केल्याची शिक्षा काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"हो," ती म्हणाली. "परीक्षाच होती."

"आणि म्हणे धांदरट!" मुकादम खो खो हसला. मग हसतच त्याने दाराकडे बघून मान हलवली.

"मावशीला सांगून येते!" भिंगरी पळाली आणि नेहमीसारखी काखेखालून वाकली. दोन भाले तिच्यासमोर आडवे आले. तिला वाटलं, थट्टा चाललीय. ती दुसऱ्या बाजूने गेली. भाले तिथेही आले.

ती वळली. "आई, हे बघ ना, सोडत नाहीयेत."

कालवणारी तिच्यापाशी गेली आणि तिने तो घट्टे पडलेला हात हातात घेतला. अठरा वर्षांच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "ऊन फार आहे गं बाहेर."

भिंगरीने वर पाहिलं. आभाळ गच्च भरून आलं होतं.